साहेबांचे उरलेले दोन शब्द

साहेबांचा आवाज मला ते भेटण्याच्या पुष्कळ आधीपासून माहीत होता. टीव्हीवर तो लागला की माझी आई भाजी निवडता निवडता मान वर करायची. देशावरच्या एका पाटपाण्याच्या भागातून ते चार वेळा आमदार झाले, तेही तीन वेगवेगळ्या पक्षांकडून. पाटबंधारे खात्याच्या एका इंजिनिअरला त्यांनी त्याच्याच केबिनमध्ये कोंडून कोरड्या गावातल्या विहिरीचं गढूळ पाणी प्यायला लावलं होतं. विधानसभेतून निलंबित झाले तर बाहेर पायऱ्यांवर बसून तासभर भाषण केलं. त्यांच्या भागातली अर्धी माणसं त्यांना देव मानायची आणि अर्धी गुंड म्हणायची, आणि दोन्हीकडच्यांना त्यांची भाषणं तोंडपाठ असायची.

अशा माणसाची वाचा गेली आणि ती परत आणायला मला बोलावलं गेलं.

माझं कामच ते. मेंदूत गुठळी झाली की कित्येकांचा उजवा हात-पाय लुळा पडतो आणि बरोबर बोलणंही जातं. त्याला वाचाघात म्हणतात. हॉस्पिटलने घरी सोडलेल्या अशा पेशंटकडे मी जाते, चित्रं दाखवते, ओठ हलवायला शिकवते, डाव्या हाताने ताल धरून सुरात शब्द म्हणायला लावते. मी वाशीला राहते, त्यामुळे पेशंट बहुतेक पनवेलपर्यंतच्या पट्ट्यातले. साहेबांच्या मुलाचा फ्लॅट खारघरला होता, दुसऱ्या मजल्यावर. ट्रीटमेंटसाठी त्यांना गावाहून इकडे आणलं होतं.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा ते गॅलरीत खुर्चीवर बसलेले होते. टीव्हीवरचे साहेब चांगले थोराड वाटायचे. समोरचा माणूस पांढऱ्या सदऱ्यात हरवल्यासारखा दिसत होता. डोळे मात्र तेच. मी नमस्कार केला, नाव सांगितलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "साहेब, तुमचं नाव सांगता का?"

त्यांनी ओठ जुळवले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि अगदी स्वच्छ, भरदार आवाजात म्हणाले, "गेट उघडा."

म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की हे ते नाही. त्यांनी मान झटकली. पुन्हा ओठ जुळवले. "गेट उघडा."

मी पेल्याचं चित्र दाखवलं. गेट उघडा. आंब्याचं दाखवलं. गेट उघडा. बायको कोण म्हणून विचारलं तर डाव्या हाताने आतल्या दाराकडे बोट दाखवलं, म्हणजे समजत सगळं होतं, पण तोंडातून आलं तेच.

त्यांचा मुलगा बाजूला उभा होता. चाळिशीला टेकलेला, नीटनेटका, इथेच शिकलेला. त्याला मी समजावलं. असं होतं. सगळे शब्द जातात आणि एखादाच अडकून राहतो. माझ्या एका पेशंट आजी फक्त 'मंगळवार' म्हणायच्या, तर बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ नुसती शिवी द्यायचे आणि नंतर रडायचे. त्या शब्दांना काही अर्थ नसतो. टेन्शन घेऊ नका.

"ते दोन शब्द गेले पाहिजेत, मॅडम," मुलगा म्हणाला. "बाकी काही नाही आलं तरी चालेल. एक 'नमस्कार' आला तरी पुरे."

निवडणूक दिवाळीनंतर होती. साहेबांच्या जागी त्याला उभं राहायचं होतं. साहेबांनी लोकांसमोर नुसते हात जोडून नमस्कार म्हटलं तरी काम होणार होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. आतल्या दारात साहेबांच्या पत्नी उभ्या होत्या. आमचं बोलणं ऐकून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पहिला महिनाभर मी ते दोन शब्द कामाची गोष्ट म्हणूनच ऐकले. हळूहळू मला त्यातले सूर ओळखू यायला लागले. चहा हवा असेल तर शेवट वर जायचा. फिजिओथेरपीवाला पाय ओढायला लागला की ते शब्द दातांखालून यायचे. सुनेने नातीला आणून मांडीवर बसवलं की अगदी हलके, लाडाने म्हणायचे, "गेट उघडा, गेट उघडा," आणि नात खिदळायची. कधी गॅलरीतून जोरात म्हटलं तर खालचा वॉचमन धावत जाऊन सोसायटीचं गेट उघडायचा. बाहेर गाडी नसायची. तो वर बघून हात हलवायचा आणि गेट परत लावायचा. त्याला हा माणूस कोण होता ते माहीत नव्हतं. मी हसायचे. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, कधी हसल्या नाहीत.

श्रावणात समोरच्या डोंगरावर जागोजागी पाणी उतरायला लागलं. लांबून त्या पांढऱ्या रेघा दिसतात, आवाज येत नाही. खारघरच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. साहेबांना मात्र त्या दिवसांत गॅलरीत बसवणं कठीण झालं. ते त्या रेघांकडे बोट दाखवायचे, श्वास जोरात चालायचा, आणि एकामागून एक, एकामागून एक तेच. त्या सुराला मला नाव देता येत नव्हतं. रागही नव्हता, मागणंही नव्हतं. एकदा त्यांनी माझं मनगट डाव्या हाताने इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले. काकूंनी येऊन ती बोटं सोडवली, खुर्ची आत घेतली आणि पडदा ओढला.

त्या दिवशी त्यांना झोप लागल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. काकू मेथी निवडत होत्या. मी विचारलं, "काकू, कुठलं गेट?"

त्यांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, तुम्हाला त्याने सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. त्याने म्हणजे मुलाने. मग त्यांनी सांगितलं. मेथीची जुडी संपेपर्यंत सांगत होत्या, आवाज कुठेही चढवला नाही.

साहेब तेव्हा साहेब नव्हते. तिशीही गाठली नव्हती. पाटाच्या वरच्या अंगाच्या गावांत ऊस उभा होता आणि टेलची गावं, म्हणजे पाट जिथे संपतो तिकडची, दोन वर्षं कोरडी होती. पाणी वरच्यावरच अडवलं जायचं. साहेबांनी टेलच्या लोकांचा मोर्चा काढला आणि तो पाटाच्या मोठ्या गेटावर नेला. इंजिनिअर आला नाही. गेटाच्या चाकाला कुलूप होतं. दिवस मावळायला आला, लोक चिडले, कुणीतरी कुलूप फोडलं. साहेब टेम्पोवर उभे राहून बोलत होते. चाकाशी त्यांचा जिवाभावाचा मित्र उभा होता. साहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, "गेट उघडा."

मित्राने चाक फिरवलं. पाणी सुटलं. टेलच्या गावात ते पोचलं तेव्हा लोक पाटात उतरून नाचले.

पण मधे एका ठिकाणी पाटाला सिमेंटचं अस्तर लावायचं काम चाललं होतं. बाहेरगावाहून आलेल्या मजुरांनी वारा लागू नये म्हणून कोरड्या पाटातच पाल ठोकलं होतं. ती स्वयंपाकाची वेळ होती. एक बाई आणि तिची दोन मुलं वाहून गेली. नवरा पीठ आणायला गावात गेला होता, तो वाचला.

"केस झाली," काकू म्हणाल्या. "ह्यांनी कोर्टात सांगितलं, मी निवेदन द्यायला गेलो होतो, गेट उघडा असं मी बोललोच नाही. मित्राने सांगितलं, मी माझ्या मनाने चाक फिरवलं. त्याला शिक्षा झाली. त्यानंतरच्या निवडणुकीला हे आमदार झाले."

"आणि मोर्च्यातले लोक?"

"कुणीच ऐकलं नव्हतं. एवढे लोक होते, पण कुणीच ऐकलं नव्हतं." त्यांनी मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. "मी टेम्पोच्या पुढ्यात उभी होते. नवीन लग्न झालेलं. मी ऐकलं. मला कुणी विचारायला आलं नाही."

घरात त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही, असं त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत साहेबांनी लाखो शब्द उच्चारले असतील, पण घरात कुणाला दार उघड म्हणायचं असेल तरी ते दार वाजवायचे, बोलायचे नाहीत. हे काकूंच्या लक्षात आलं होतं. मुलाच्या आलं नव्हतं.

मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. आम्ही मूळचे इथल्याच खाडीकाठच्या गावातले. शहर व्हायच्या आधी आमची खारजमीन होती, बांधाला उघाडी होती. उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं लाकडी दार. भरतीच्या वेळी ती चुकून उघडी राहिली तर खारं पाणी शेतात शिरून भात जायचं. आईने आयुष्यभर अशी दारं बघितलेली. तिने साहेबांबद्दल बरं-वाईट काहीच म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "ती बाय आन् पोरां, नावां काय त्यांची?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला मी काकूंना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या खाली बघत म्हणाल्या, "पेपरात मजूर कुटुंब असं आलं होतं."

तेव्हापासून ते मला सोडेना. मी दुसऱ्या पेशंटकडे असायचे, सीवूड्सला किंवा नेरूळला, आणि मधेच त्या पाटातलं पाल डोळ्यांसमोर यायचं. चूल पेटलेली, पीठ यायची वाट बघणारी मुलं. आवाज आधी आला असेल की पाणी? आमच्या बिल्डिंगखाली कुणी वॉचमनला गेट उघडायला सांगितलं की हातातलं काम थांबायचं. आई म्हणाली, "त्या घरचा काम सोर." मी सोडलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. साहेबांची कीव यायची, हे खरं. आणि त्या घरात त्या तिघांची आठवण मोठ्याने निघत होती ती फक्त त्या मोडक्या मेंदूतून, असंही वाटायचं.

काम तर मी चोख केलं. ताल धरून, गुणगुणून, आरशात ओठ दाखवून. गणपतीच्या सुमारास 'न' आला. मग 'नम'. नवरात्रात एका सकाळी साहेब आरशाकडे बघून म्हणाले, "नमस्कार." आवाज जुनाच, खर्जातला. सुनेने टाळ्या वाजवल्या. मुलगा ऑफिसमधून धावत आला, माझ्यासाठी पेढे आणले. साहेबांनी पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद काही दिसला नाही. शाळेत पाठ करून घेतलेलं पोर जसं म्हणून दाखवतं, तसं ते वाटलं.

व्हिडिओ फ्लॅटमध्येच काढला. साहेबांना कडक इस्त्रीचा सदरा घातला, मागे त्यांचा तरुणपणचा फोटो लावला, दिवे आणले. लुळा उजवा हात उशीवर ठेवून डावा हात त्यावर जोडला. पहिल्यांदा त्यांनी नमस्कार म्हटलं. दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून परत घ्यायचं ठरलं. दिवा सरकवला, कॅमेरावाल्याने हात वर करून सुरू म्हणून खूण केली, आणि साहेब त्या वर केलेल्या हाताकडे बघतच राहिले.

"गेट उघडा," ते म्हणाले. आणि मग थांबेनात.

मुलाने कॅमेरा बंद करायला लावला. पहिला तुकडा चांगला होता, तेवढा घेतला.

दिवाळीच्या आधी त्यांचा तो मित्र आला. येणार हे काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. मी सकाळचं सेशन घेत होते. दार वाजलं. एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला, हातात पेरूंची पिशवी. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, सोफा सोडून साहेबांच्या खुर्चीजवळ खाली बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा," तो म्हणाला. "वळखलं का?"

साहेबांचा चेहरा असा कधी झालेला मी बघितला नव्हता. त्यांनी त्याच्या डोक्यावर, गालावर, खांद्यावर डावा हात फिरवला आणि बोलू लागले. आधी हळू, मग भरभर, मग रडत. गेट उघडा, गेट उघडा. तो डोंगरावरच्या पाण्याकडे बघून लागायचा तोच सूर, ज्याला मला नाव देता येत नव्हतं. त्या म्हाताऱ्याला बघितल्यावर मला तो कळला. ते विचारत होते.

म्हातारा गांगरला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सांगितलं की त्यांना एवढंच बोलता येतं. त्याने मान हलवली आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "केलं, दादा. बंद केलं गेट. आता झोपा बिनघोर."

साहेबांनी जोरात मान हलवली. नाही. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात आपटला. "गेट उघडा." पुन्हा छातीवर. "गेट उघडा."

मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला होता. "काका, बास आता. त्यांना त्रास होतोय."

म्हातारा त्याच्याकडे वळला नाही. बराच वेळ साहेबांच्या तोंडाकडे बघत बसला. मग त्याने त्यांचा हात छातीवरून काढून आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"व्हय," तो म्हणाला. "तुमीच म्हनाला होता. मी ऐकलं. म्हनून चाक फिरवलं."

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "मी पण ऐकलं."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तोंड उघडं होतं, पण त्यातून काही आलं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि मान खुर्चीला टेकली. मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

मी म्हाताऱ्याला खाली सोडायला गेले. त्याला पनवेलहून एसटी धरायची होती. रिक्षाची वाट बघत आम्ही सोसायटीबाहेरच्या कट्ट्यावर बसलो. मी विचारलं, "तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तवा वाटलं, ह्यो मानूस वर गेला तर पानी येईल."

"आलं?"

"आलं की. चार-पाच वर्सं चांगलं आलं. मग वरच्यांनी पुन्ना वढलं." रिक्षा येतेय का ते बघत तो म्हणाला, "माझी दोन्ही पोरं दादांनीच नोकरीला लावली. दादांकडं माझं कायबी देनं राहिलं न्हाई. माझ्यावरच राहिलं, पर ते दादांचं न्हवं, त्या पाटातल्या बाई-पोरांचं."

मग मी आईचा प्रश्न विचारला. त्याला बाईचं नाव माहीत नव्हतं. मोठ्या मुलीचं होतं. गेट उघडल्यावर पाणी निघालं तसा तोही टेलपर्यंत पाटाच्या कडेने पळत गेला होता. अंधार पडलेला. वाटेत एक माणूस पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन पाण्याच्या काठाने मुलीच्या नावाने हाका मारत येत होता. ते नाव त्याने मला सांगितलं. मी ते कुठे लिहिलेलं नाही आणि इथेही लिहीत नाही. घरी जाऊन आईला सांगितलं. तिने ते एकदा स्वतःशी म्हटलं आणि देवापाशी जाऊन बसली.

त्या दिवसापासून साहेब ते दोन शब्द पुन्हा बोलले नाहीत. 'नमस्कार'ही गेला. मी सगळे उपाय करून बघितले. ते माझ्याकडे शांतपणे बघायचे, चित्रं दाखवली की डाव्या हाताने बाजूला सारायचे. डॉक्टरांच्या मते आणखी एक छोटा झटका येऊन गेला असावा. असेलही. मुलाने मला सभ्यपणे सांगितलं की आता यायची गरज नाही. त्याला मी दोष देत नाही. माझ्या हिशोबाने तो पेशंट मी वाचेविना सोडला, हे तर खरंच आहे.

मुलगा निवडून आला. प्रत्येक सभेत मोठ्या पडद्यावर साहेबांचा तो व्हिडिओ दाखवला. माझ्याही फोनवर कुणीतरी पाठवला. पांढऱ्या सदऱ्यातले साहेब हात जोडून नमस्कार म्हणतात आणि चित्र तिथेच थांबतं. मी तो आवाज बंद करून बघितला, आणि मग डिलीट केला.

थंडीत साहेब गेले, झोपेत. अंत्ययात्रेला पाटाच्या दोन्ही अंगांची माणसं आली होती, असं पेपरात आलं. काकू खारघरला परतल्या नाहीत. गावीच राहिल्या. मधूनमधून त्यांचा फोन येतो. आईची चौकशी करतात, माझ्या कामाचं विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं की पाटाचं अस्तर उखडलंय, पुन्हा काम निघालंय, बाहेरून मजूर आलेत. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला त्यांनी सांगून ठेवलंय, पाणी सुटायच्या आधी आपल्याला कळवायचं. तो निरोप देतो. मग जीपवाला बोलावून त्या पाटाच्या कडेने गेटापासून टेलपर्यंत जातात, कुणी आत उतरलंय का बघत. मुलाने आधी हरकत घेतली, आता घेत नाही. लोक काय म्हणतात, हे मी विचारलं नाही.

परवा फोन आला तेव्हा त्या नुकत्याच जाऊन आल्या होत्या. दमलेल्या वाटल्या. मी विचारलं, "कुणी होतं का?"

"माणसं नव्हती," त्या म्हणाल्या. "एक शेळी होती, पिल्लाला घेऊन. जीपवाला म्हणाला, पाणी आलं की जाईल आपोआप. मी उतरले आणि हाकलली."